संस्था चालवणाऱ्यांसाठीचं ठाण्यातलं प्रशिक्षण: पैसे भरून जावं का? एका अकाउंट्सवालीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, जावं. पैसे वसूल आहेत. फक्त संस्थेच्या प्रमुख ताईंनी एकटीने जाऊ नये, सोबत हिशेब बघणारी एक आणि वस्तीत काम करणारी एक अशा दोघी तरी न्याव्यात, नाहीतर ताई तिथून खूप काही ऐकून येतील आणि ऑफिसमध्ये परत सगळं त्यांच्याच डोक्यावर राहील.

मी नवी मुंबईतल्या दिघा-रबाळे पट्ट्यात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचं अकाउंट्स बघते. वस्त्यांमध्ये मुलांच्या अभ्यासिका, किशोरी मुलींचे गट, आणि थोडं आरोग्याचं असं काम आहे, घरातली माणसं बहुतेक एमआयडीसीत कंत्राटावर नाहीतर ऐरोलीत घरकामाला. ऑफिस आणि फिल्ड मिळून आम्ही पंधराच्या आसपास जणी आणि दोन दादा. संस्था आमच्या ताईंनी उभी केली आणि गेली कित्येक वर्षं त्यांनी ती अक्षरशः अंगावर ओढलीय. मागच्या वर्षी त्यांचं बीपी वाढलं, डॉक्टरांनी आराम सांगितला, आणि त्या आठवड्यात लक्षात आलं की त्या नसल्या की आमच्याकडे एक चेकसुद्धा निघत नाही. त्यानंतर कुणीतरी या प्रशिक्षणाचं पत्रक पाठवलं. स्त्रीवादी आणि समतेच्या पद्धतीने संस्था कशी चालवायची, तेही चालवणाऱ्यांची दमछाक न होता, असा विषय होता. आमच्या दादांनी विचारलं की आम्ही चालतो का, तर फोन करून विचारलं, चालतात.

नाव मुद्दाम लिहीत नाहीये. तिथे आलेल्या संस्था आपापल्या घरातलं बोलल्यात, आणि ठाणे-नवी मुंबईत संस्थांचं जग एवढं लहान आहे की नाव दिलं की कोण कोण होतं ते लगेच कळतं. इच्छा असेल तर कुठल्याही महिला संघटनेत विचारा, दोन फोनमध्ये पत्ता मिळेल. प्रशिक्षण देणाऱ्या दोघी आहेत, एक बरीच वर्षं संस्थांमध्ये काम केलेल्या, दुसऱ्या समुपदेशक. शनिवारी असतं, नौपाड्यात गोखले रोडवरून आत एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही हे गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आम्हाला जायला सोपं पडलं, दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून ठाणे एकाच स्टेशनवर आलंय, नाहीतर आधी ऐरोलीपर्यंत उलटं जावं लागायचं. जेवण बचत गटाच्या बायकांचं, भाकरी, उसळ, ठेचा, छान. बाजूच्या खोलीत मुलांना सांभाळायला एक ताई बसवलेली असते आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत.

फी संस्थेच्या वार्षिक बजेटप्रमाणे लावतात. मोठ्या संस्थेला जास्त, आमच्यासारख्याला कमी, आणि त्याच संस्थेतून दुसरी-तिसरी माणसं आली तर त्यांच्याकडून जवळजवळ जेवणापुरतेच घेतात. हप्त्यात दिली तरी चालते. पावती त्याच दिवशी, पॅन नंबरसकट. हे लिहितेय कारण प्रशिक्षण देणाऱ्या बऱ्याच जणांकडून पावती मागून मागून महिने जातात आणि मग ऑडिटला ते व्हाउचर अडकतं.

आता आतलं. मला भीती होती की डोळे मिटा, श्वास घ्या, स्वतःवर प्रेम करा असं दिवसभर चालेल. तसं काहीच नाही. पहिल्याच सत्रात प्रत्येक संस्थेला एक कागद दिला आणि त्यावर साधे प्रश्न. ऑफिसची किल्ली कुणाकडे असते, चेकवर सही कुणाची, रात्री दहाला वस्तीतून फोन आला तर तो कुणाच्या मोबाइलवर येतो, फंडरच्या पोर्टलचा पासवर्ड कुणाला माहितेय, सुट्टी कुणाला विचारून घेता, आणि ज्यांना विचारता त्या स्वतः सुट्टी कुणाला विचारतात. नावं लिहायची, पदं नाही. आमच्या कागदावर एकच नाव सगळीकडे आलं. शेजारी कळव्याची एक संस्था होती त्यांच्याही कागदावर एकच नाव. पनवेलकडच्या एका संस्थेत दोन नावं आली पण त्या दोघी सख्ख्या जावा निघाल्या. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही थोडा वेळ, मग प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं की या कागदावर जिचं नाव सगळीकडे आहे तिला ताप आला तर काय होतं, आणि जिचं नाव कुठेच नाही तिला या संस्थेत दहा वर्षांनी स्वतःला कुठे बघायचं असेल. पहिला प्रश्न सगळ्यांना अपेक्षित होता. दुसऱ्याने मला हलवलं, कारण आमच्या अभ्यासिकेतल्या एका ताईचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं आणि ती माझ्या शेजारी बसली होती.

थोडी माहितीही देतात, पण लेक्चर झोडत नाहीत. बर्नआउटवर, म्हणजे कामाने आतून पार थकून जाण्यावर, सुरुवातीचं जे लिखाण झालं ते हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाचं, १९७४ मधलं, आणि ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे बघून केलेलं. म्हणजे सुरुवात आपल्यासारख्यांपासूनच झालीय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची जी व्याख्या मंजूर केली त्यात तो आजार म्हणून धरलेला नाही, कामाच्या जागी सतत राहणाऱ्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था, असं म्हटलंय. त्याच्या तीन खुणा, अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटत राहणं. मधली खूण ऐकताना आमच्या ताई खाली बघत होत्या. समुपदेशक बाईंनी यावर सरळ सांगितलं की ताण कामाच्या जागी तयार होत असेल तर दुरुस्ती पण कामाच्या जागीच करायला हवी, ताईंना चार दिवस महाबळेश्वरला पाठवून परत त्याच खुर्चीत बसवलं तर पंधरा दिवसांत परत तेच.

वेळ कुठे जातो यावरचं सत्र पण चांगलं होतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्व्हेचे आकडे दाखवले. स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, करणाऱ्या पुरुषांचा ९७. मग २०२४ चा सर्व्हे, बायका २८९ आणि पुरुष ८८. म्हणजे बायकांची दहा मिनिटं कमी झाली पण ती पुरुषांनी उचलली असं अजिबात नाही, त्यांची पण नऊ मिनिटं कमीच झालीत. आता ही जवळजवळ पाच तासांची ड्युटी करून जी बाई संस्थेत येते तिची मीटिंग तुम्ही संध्याकाळी सहाला ठेवता का, असा प्रश्न. आमच्याकडे मीटिंगा संध्याकाळीच व्हायच्या, कारण फिल्ड संपवून सगळ्या तेव्हाच मोकळ्या होतात असं धरलेलं होतं. मोकळ्या कसल्या, घरी गॅसवर कुकर चढवायची वेळ ती. आता मीटिंग सकाळी साडेअकराला असते, पाणी भरून, मुलं शाळेत सोडून झाल्यावर. याला एक रुपया खर्च आला नाही.

पण ज्या सत्रासाठी मी हे सगळं लिहायला घेतलंय ते पगाराचं. प्रत्येकाने आपलं पगारपत्रक आणायचं होतं, नावं झाकून. बऱ्याच जणांनी आणलं नव्हतं. ज्यांनी आणलं त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती, संस्थाप्रमुखाच्या नावापुढे एकतर पगारच नाही, किंवा अगदी नावापुरता, किंवा मग ग्रँट यायला उशीर झाला की सगळ्यात आधी तो बंद. आपल्याकडे याचं फार कौतुक असतं. ताई पगार घेत नाहीत, ताईंनी स्वतःच्या बांगड्या मोडून ऑफिसचं भाडं भरलं, हे आम्ही अभिमानाने सांगतो आणि ते खरंही आहे, त्या त्यागावरच कितीतरी संस्था उभ्या आहेत आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी जे पुढे मांडलं ते एवढी वर्षं आकडे बघूनही मला कधी दिसलं नव्हतं. प्रमुखाच्या जागेला बजेटमध्ये पगारच नसेल तर त्या जागेवर फक्त तीच बाई बसू शकते जिच्या घरात दुसरा पगार येतो. नवरा बँकेत आहे, किंवा वडलांचं घर आहे, किंवा पेन्शन आहे. दिघ्यातली जी मुलगी आमच्याच अभ्यासिकेत शिकली, बीए झाली, आज आमचं अर्धं काम ओढते, तिला उद्या प्रमुख व्हायचं असेल तर तिला फुकट काम करणं परवडणार आहे का. नाही परवडणार. मग ती कायम कार्यकर्तीच राहणार आणि बाहेरून कुणीतरी इंग्रजी बोलणारी मॅडम येणार, आणि आपण वर्षभर महिला सक्षमीकरणाचे रिपोर्ट लिहिणार.

आणि दुसरं त्यातच. ताई पगार सोडतात तेव्हा बाकीच्यांना आपला मागायची लाज वाटते. मोबाइलचं रिचार्ज, रिक्षाचे पैसे, जादा थांबल्याचे पैसे, कुणी क्लेमच करत नाही, कारण समोर बघतात तर ताई स्वतःच घेत नाहीत. मी अकाउंट्सला आहे, मला माहितेय प्रवासखर्चाचा हेड दरवर्षी शिल्लक राहतो आणि मार्चमध्ये फंडर विचारतो की तुम्ही खर्च का नाही केला, आणि पुढच्या वर्षी तेवढा कापतो. पैसा मंजूर आहे, खिशातून बायका घालतायत, आणि तो परत जातोय. हे दमणं आणि ही विषमता एकाच व्हाउचर फाइलमध्ये बसलीय हे मला त्या दिवशी कळलं.

त्यावर त्यांचा सल्ला सोपा आहे. प्रत्येक जागेचा पूर्ण पगार बजेटमध्ये लिहा, प्रमुखाचा पण, आणि तो खात्यात जमा करा. ज्यांना द्यायचाय त्यांनी नंतर देणगी म्हणून द्यावा आणि पावती घ्यावी. मग ती जागा कागदावर खरी जागा होते, उद्या कुणीही तिथे येऊ शकतं. इथे एक गोष्ट त्यांनी नीट सांगितली नाही ती मी सांगते. प्रमुख जर विश्वस्त पण असतील तर आधी ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे संस्था स्थापन केल्याच्या कागदात, विश्वस्ताला मोबदला घेता येतो का ते वाचा, आणि इन्कम टॅक्सच्या नियमांप्रमाणे ती रक्कम कामाच्या मानाने वाजवी असावी लागते, त्यामुळे सीएशी बोलल्याशिवाय सुरू करू नका. प्रशिक्षणात हा भाग दोन वाक्यांत उरकला आणि माझ्या मते ही मोठी कमतरता आहे, कारण घरी येऊन लोक उत्साहात करायला जातील आणि ऑडिटरकडे अडकतील.

फंडरचं पण असंच. तिथे सगळ्या एका सुरात म्हणत होत्या की सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या कंपन्या, पाच टक्क्यांच्या वर ॲडमिन देत नाहीत, कायदाच आहे. मी हात वर करून बोलले, कारण हा गैरसमज मला रोज भेटतो. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, ठराविक मर्यादेवरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा, आणि ती पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर करायच्या खर्चाला. प्रोजेक्ट आखणं, राबवणं, त्याची देखरेख, मूल्यमापन हा खर्च त्या व्याख्येत धरलेलाच नाही. म्हणजे अभ्यासिकेच्या समन्वयक ताईचा पगार हा प्रोजेक्ट राबवण्याचा खर्च आहे, तो ॲडमिनमध्ये ढकलायचं काही कारण नाही. कंपनीच्या माणसाने आपलं अंतर्गत धोरण म्हणून कमी द्यायचं ठरवलं तर ते वेगळं, पण कायद्याचं नाव सांगून कुणी कापत असेल तर नियम काढून शांतपणे दाखवा. परदेशी पैशाचं मात्र खरंच घट्ट झालंय, २०२० च्या दुरुस्तीने एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातला प्रशासकीय खर्च ५० वरून २० टक्क्यांवर आला आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो पैसा पुढे द्यायचं बंद झालं, त्यात मोठ्या संस्थांकडून पैसे मिळणाऱ्या वस्तीपातळीवरच्या कितीतरी लहान संस्थांची अडचण झाली. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी मला पुढच्या सत्रात दहा मिनिटं देऊन हे फळ्यावर लिहायला लावलं. हे मला आवडलं त्यांचं, ज्याला जे येतं त्याने ते शिकवायचं, हॉलमधल्या प्रत्येकीकडून काहीतरी काढून घेतात.

मानधन या विषयावर मला अजून हवं होतं. आपल्या संस्थांमध्ये फिल्डवरच्या बायकांना पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, आणि मग पीएफ नाही, रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये निकाल दिला की सेविका आणि मदतनीस दोघींना १९७२ च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटी मिळायलाच हवी, मानधन म्हटलं म्हणून हक्क जात नाही. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांचं खंडपीठ होतं, आणि ओक साहेबांनी वकिली आपल्या ठाण्याच्याच कोर्टात सुरू केलेली. आता तो निकाल सरकारी योजनेबद्दलचा आहे, आपल्या संस्थांना जसाच्या तसा लागू पडतो असं मी म्हणत नाहीये, पण ज्या संस्था आशा-अंगणवाडीच्या मोर्चात झेंडा घेऊन जातात त्यांनी आपल्या कार्यकर्तीचं मानधन एकदा त्या नजरेने बघायला नको का. प्रशिक्षणात हा निकाल आला, चर्चा तापायला लागली, आणि जेवणाची वेळ झाली म्हणून थांबवली, परत त्यावर आलेच नाहीत.

तसंच जातीचं. विश्वस्त मंडळाच्या यादीत कुठली आडनावं आहेत आणि मानधनाच्या यादीत कुठली, हा प्रश्न त्यांनी विचारला, त्यासाठी त्यांना शंभर मार्क. पण विचारून पाच मिनिटं शांतता ठेवली आणि पुढची स्लाइड. एवढा मोठा विषय काढायचा असेल तर त्याला अख्खा एक शनिवार द्या. आमच्यासोबतची अभ्यासिकेची ताई परत येताना गाडीत म्हणाली, "मॅडम, मला बोलायचं होतं पण मला वाटलं आता वेळ गेली." हे बरोबर नाही झालं. मी हे फीडबॅक फॉर्मवर लिहून दिलंय आणि त्यांनी फोन करून ऐकूनही घेतलंय, पुढच्या गटात काय करतात बघू.

समतेने चालवायचं म्हणजे सगळ्यांनी मिळून सगळं ठरवायचं असं मला आधी वाटायचं, आणि तसं केलं तर दिवसभर नुसत्या मीटिंगाच होतील ही काळजी पण होती. त्याचं उत्तर चांगलं मिळालं. अमेरिकेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडलेला मुद्दा त्यांनी समजावला, की आमच्याकडे कुणी मोठं-छोटं नाही असं म्हणणाऱ्या गटात पण काही माणसांकडे सत्ता असतेच, फक्त ती कुठे लिहिलेली नसल्यामुळे तिला जाब विचारता येत नाही. त्यामुळे लिहा. कोण काय ठरवणार, किती रकमेपर्यंत, किती काळासाठी, आणि ते आवडलं नाही तर कुठे बोलायचं. आमच्याकडे आता एक ठरावांची वही आहे. पाच हजारापर्यंतचा खर्च अभ्यासिकेची ताई स्वतः ठरवते, बिल आणते, विचारत नाही. सुरुवातीला ताईंना ते जड गेलं, दोनदा त्यांनी फोन करून "पंखा कुठल्या दुकानातून घेतलास" विचारलंच, पण आता विचारत नाहीत, आणि पंखा व्यवस्थित चालतोय.

रात्रीच्या फोनचं पण केलं. संस्थेचा एक वेगळा साधा मोबाइल घेतला, तो आठवड्याला एकीकडून दुसरीकडे फिरतो, आणि ज्या आठवड्यात ज्याच्याकडे असेल त्याला पुढच्या सोमवारी सुट्टी. दादा पण त्यात आहेत. शिवाय प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर ११२ (पोलीस, तातडीची मदत), १८१ (महिला हेल्पलाइन) आणि १०९८ (मुलांसाठी) हे नंबर मोठ्या अक्षरात लावले, काय झालं की कुठला नंबर हे मुलींच्या गटात समजावलं. सगळे फोन कमी झाले असं नाही, पण ताई रात्री फोन बंद करून झोपतात. त्यांच्या मुलीने मला वेगळा मेसेज करून हे सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

नेतृत्व बदलायच्या सत्रात मात्र सरकारी कागदाची बाजू कच्ची आहे त्यांची. दोघींनी मिळून संस्था चालवावी, ठराविक वर्षांनी जबाबदारी फिरावी, हे सगळं छान, पण आपल्याकडे पब्लिक ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. बँकेत सह्या बदलायच्या तर ठराव लागतो, केवायसी लागतं, बँक बऱ्याचदा तो चेंज रिपोर्टच मागते, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर नाव बदलायचं, दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलवर बदलायचं. हे कुणी करत नाही म्हणून वयोमानाने निवृत्त झालेल्या विश्वस्तांच्या सह्या अजून चालू असतात, आणि नवीन बाई नावाला प्रमुख, सहीला परत जुन्याच ताईंच्या घरी फाइल घेऊन. माझी त्यांना सूचना आहे की या सत्राला धर्मादायचं काम करणारा एखादा वकील बोलवा, अर्धा दिवस पुरेल.

लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याचं सत्र नीट झालं. २०१३ चा कायदा, दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती पाहिजेच, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, एक सदस्य बाहेरचा, निम्म्या तरी बायका. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द संस्थाप्रमुखाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. संस्था म्हटलं की हा कायदा कंपन्यांसाठी आहे असं धरून चालणारे अजून पुष्कळ आहेत, त्या हॉलमध्ये पण होते.

भाषेबद्दल एक तक्रार. बोलणं सगळं मराठीत, पण स्लाइड इंग्रजीत. आमच्या अभ्यासिकेच्या ताईने प्रत्येक स्लाइडचा फोटो काढला आणि घरी मुलाकडून वाचून घेतला. समतेच्या प्रशिक्षणात हे व्हायला नको. कागद मराठीत दिले तर ती ते वस्तीतल्या गटात पण वापरेल, आणि मला वाटतं तिच्याइतकं चांगलं ते कुणीच वापरणार नाही.

प्रशिक्षण झाल्यावर काही महिने त्यांचा पाठपुरावा असतो, महिन्याला एक फोन आणि एकदा ऑफिसला येऊन जातात. फीमध्येच आहे ते. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी ताईंशी गप्पा मारण्याआधी रजेचं रजिस्टर मागितलं, आणि ताईंच्या नावापुढची रिकामी पानं बघून तिथेच बसून पुढच्या तिमाहीची त्यांची रजा सगळ्यांसमोर लिहून घेतली. यातल्या दोन रजा त्यांनी खरंच घेतल्या. तिसरीला यूसी, म्हणजे फंडरला द्यायचं पैसे वापरल्याचं प्रमाणपत्र, पाठवायचं होतं म्हणून आल्या, आणि मीच त्यांना जेवण झाल्यावर घरी पाठवलं, कारण यूसी आता माझ्याशिवाय दुसऱ्या एकीला पण भरता येतं.

बजेटचं सांगायचं तर चालू वर्षाच्या प्रस्तावात आम्ही समन्वयकाची जागा पूर्ण पगाराने टाकलीय. एका फंडरने प्रश्न विचारला, मी उत्तर लिहिलं, मंजूर झालं. दुसऱ्याने अजून कळवलेलं नाही. मानधनाच्या यादीतल्या सगळ्यांना पगारपत्रकावर आणायचं ठरलंय पण पैसे सगळ्यांसाठी नाहीत, टप्प्याने होईल, आणि आधी कुणाला हे ठरवताना मीटिंगमध्ये आवाज चढले, एक जण रडली. हे प्रशिक्षणातून आलं की सगळं गोड होईल असं समजून जाऊ नका. पण ते भांडण मीटिंगमध्ये झालं, आधी ते जिन्यात कुजबुजत व्हायचं.

पुढचा गट पावसाळ्यानंतर आहे असं ऐकलंय, जागा लवकर भरतात. जाताना ट्रस्ट डीड, चालू वर्षाचं बजेट आणि पगारपत्रक यांच्या झेरॉक्स घेऊन जा, आठवणीने आकडे लिहायला बसलं की अर्धा वेळ त्यातच जातो. आणि वस्तीतल्या कार्यकर्तीला सोबत नेताना तिचा त्या दिवसाचा पगार आणि गाडीभाडं संस्थेने द्या, तिने सुट्टी टाकून यायचं नाही.